कोठून सुरुवात करावी? – लाल बावटा कलापथक आणि त्याचे श्रोते

वालीव येथील आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी सातनंतर जी मंडळी जमतात, त्यांत दोन तरुण कामगार नेहमी असतात. एक सातिवलीच्या कारखान्यात लेथवर काम करतो, दुसरा गोखिवऱ्यास साचे बनविण्याच्या खात्यात आहे. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी या दोघांचा असा वाद जुंपला की, समोर पडलेले बोनसचे अर्ज तसेच राहिले. वाद पगाराचा नव्हता, पाळीचा नव्हता. ‘किंग क्रिमझन’ नावाच्या एका इंग्रजी वाद्यवृंदाचा होता. लेथवाल्यास त्याचा नाद कित्येक वर्षांपासूनचा, दुसऱ्याने नुकतेच नाव ऐकले होते आणि त्याने साधाच प्रश्न विचारला होता : “मी सुरुवात कोठून करू?”

या एका प्रश्नावर तीन मते निघाली. लेथवाल्याचे म्हणणे, १९६९ साली निघालेल्या पहिल्याच तबकडीपासून आरंभ करावा. घरात शिरायचे तर उंबरठ्यावरून शिरावे. आमचा हिशेबनीस त्या वादात पडला. तो म्हणाला, १९७४ सालची ‘रेड’ ही तबकडी आधी ऐक. पुढे टिकलास तर बाकीची ऐकशील. तिसरा एक होता, त्याने १९८१ सालची ‘डिसिप्लिन’ पुढे केली. कारण मधल्या सात वर्षांत हा वृंद मोडला होता आणि पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याची चालच बदलली होती. जावा-बाली बेटांकडील गॅमेलान वादनासारखी एकमेकींत गुंतलेली सुरावट तो वाजवू लागला होता. रॉबर्ट फ्रिप हा गिटारवादक तेवढा पहिल्यापासून शेवटपर्यंत राहिला, बाकीचे गडी येत-जात राहिले. त्यांच्या वादनात जॅझ आहे, युरोपातील अभिजात संगीत आहे, कर्णकटू गोंगाट आहे आणि अगदी हळुवार गाणीही आहेत. १९७३ सालच्या तबकडीत त्यांच्यातला एक तालवादक चक्क पत्रे आणि साखळ्या वाजवितो. ते ऐकून लेथवाला हसून म्हणाला, “दादा, हा तर आमच्याच खात्यातला आवाज!”

निवाडा आमच्याकडे आला. आम्ही आठवीपर्यंत शिकलेलो. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. या संगीतातले आम्हांस काही कळत नाही, असे आम्ही सांगून टाकले आणि बोनसचे अर्ज पुढे ओढले. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. कारण हाच प्रश्न आमच्याच घरात, आमच्याच माणसांनी, दुसऱ्या एका पथकाविषयी आम्हांस अनेकदा विचारला आहे आणि त्याचेही नीट उत्तर आम्ही दिलेले नाही. ते पथक म्हणजे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या शाहिरांचे लाल बावटा कलापथक.

तारखा पाहताना एक योगायोग आमच्या ध्यानात आला. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात अमर शेख गेले. आणि त्यानंतर पुन्हा बरोबर बेचाळीस दिवसांनी, १० ऑक्टोबर १९६९ रोजी, इंग्लंडात त्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी विक्रीस आली. योगायोगास अर्थ नसतो. परंतु एका देशात तरुण पोरांचा आवाज जन्मभरासाठी तबकडीवर उमटत होता, त्याच दिवसांत आपल्याकडचे दोन पहाडी आवाज मातीत गेले आणि त्यांची ध्वनिमुद्रणे अगदी थोडी मागे राहिली, हा फरक मात्र अर्थाचा आहे. त्यांच्याकडे ‘कोठून ऐकावे’ असा प्रश्न पडतो. आपल्याकडे त्याआधी ‘कोणाच्या तोंडून ऐकावे’ हा प्रश्न उभा राहतो.

हे पथक आले कोठून, ते आधी पाहू. वसईस पवाडा म्हटला की लोकांना १७३९ सालचा वेढा आणि चिमाजी आप्पा आठवतात. पवाड्याची परंपरा त्याहूनही जुनी आहे. १६५९ सालच्या अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पवाडा आजही अभ्यासक आधारास घेतात. मात्र पुष्कळ काळ पवाडा हा लढाईचा आणि लढवय्यांचा राहिला. त्याला दुसरे वळण दिले ते जोतीराव फुले यांनी. १८६९ साली त्यांनी शिवाजीमहाराजांवर पवाडा रचला आणि त्यांना कुणब्यांचा, रयतेचा राजा म्हणून उभे केले. पुढे सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसे काढले. त्यानंतर भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ज्या मंचावर पूर्वी राजाचे किंवा रंगेल शेटजीचे मनोरंजन होई, त्याच मंचावरून पाण्याचा हक्क, शिक्षण आणि माणुसकी यांच्या गोष्टी होऊ लागल्या. लाल बावट्याचे शाहीर आभाळातून पडले नाहीत. या जलशांच्या पाऊलवाटेने ते आले.

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव. हे गाव आज सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात आहे. मातंग समाजात जन्म, शाळेशी संबंध जेमतेम दीड दिवसाचा. १९३१ च्या सुमारास बापाबरोबर हे कुटुंब पायी मुंबईस आले. मिळेल ती मजुरी करीत अण्णा भाऊ गिरणीत लागले. माटुंग्याच्या लेबर कँपात आणि नंतर घाटकोपरच्या चिरागनगरात त्यांचे आयुष्य गेले. अक्षरओळख त्यांनी स्वतःच करून घेतली. अमर शेखांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. त्यांनीही मोटारीवर क्लीनर म्हणून आणि गिरणीत मजूर म्हणून घाम गाळला. १९२८ सालच्या मोठ्या संपापासून गिरणगावात लाल बावट्याची युनियन रुजली होती. चाळीचाळींत सभा होत, आणि सभा म्हटली की आधी गाणे हवेच. १९४३ साली मुंबईत इप्टा ही लोकनाट्य संघटना स्थापन झाली आणि देशभरचे कलावंत एका विचाराने एकत्र येऊ लागले. त्याच वातावरणात १९४४ च्या सुमारास लाल बावटा कलापथक उभे राहिले.

या पथकाने काय काय एकत्र केले, हे पाहिले म्हणजे नवख्या श्रोत्याचा गोंधळ का होतो ते कळते. एका अंगाला पवाडा, डफ-तुणतुण्यावरचा. दुसऱ्या अंगाला लावणी आणि छक्कड. तिसऱ्या अंगाला तमाशाचा सारा डोलारा : गण, गवळण, बतावणी आणि वग. अण्णा भाऊंनी गणातून गणपती बाजूस ठेवला व तेथे मायभूमीला आणि तिच्यासाठी खपलेल्यांना वंदन घातले. कृष्ण-गोपिकांची गवळण त्यांनी गाळली. बतावणीचा चटका मात्र ठेवला आणि वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार, शेटजी व पुढारी आणून बसविले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेठजींचे इलेक्शन’ या नावांवरूनच विषय कळावा. यालाच पुढे लोकनाट्य हे नाव रूढ झाले. विषयांचा पल्लाही तसाच लांब. स्टालिनग्राडची लढाई आहे, बंगालचा दुष्काळ आहे, फाळणीच्या वेळच्या पंजाब-दिल्लीच्या दंगली आहेत आणि मुंबईचा काळा बाजारही आहे. लालबागच्या चाळीत बसलेल्या विणकऱ्यास व्होल्गाकाठच्या शहराची लढाई डफावर ऐकविणे ही सोपी गोष्ट नाही. ते जमले, कारण चाल त्याच्या गावची होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. लाल बावट्याच्या शाहिरांवरही बंदी आली, धरपकड झाली. पथक पुढे एकसंध राहिले नाही. अमर शेखांनी स्वतःचे कलापथक चालविले, अण्णा भाऊंची लेखणी कथा-कादंबरीकडे वळली. १९५९ साली त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुढच्या काळात शंभरांहून अधिक माणसे या लढ्यात प्राणास मुकली. त्या दिवसांत या शाहिरांचा आवाज पुन्हा मैदानामैदानांतून घुमला. अमर शेख उभे राहिले की हजारोंची सभा ध्वनिक्षेपकावाचूनही ऐकू शके, असे तेव्हाचे लोक सांगतात.

आता श्रोत्यांकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि लालबाग-परळची कुटुंबे स्वस्त जागेच्या शोधात नालासोपारा, विरारकडे सरकली. आमचे वडील त्यांतलेच. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. सामान थोडे होते, त्यात एक डफ होता. तात्पर्य, गिरणगावचे श्रोते या भागात आले ते असे. विरार गाडीत सकाळच्या पाळीला भजनी मंडळे टाळ घेऊन बसतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच गाडीत शाहिरांवर वाद घालणारे घोळकेही होते, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. नवा पोरगा डब्यात आला आणि त्याने ‘हे अण्णा भाऊ कोण?’ असे विचारले की सुरुवात कोठून करावी यावर चार पक्ष पडत.

पहिला पक्ष म्हणे, स्टालिनग्राडच्या पवाड्यापासून. हे बहुधा पक्षाचे जुने कार्यकर्ते. त्यांचा युक्तिवाद असा की, कामगाराची दृष्टी गावकुसाबाहेर, देशाबाहेर प्रथम गेली ती या पवाड्याने. हे खरे आहे. परंतु आज हा पवाडा पहिल्याने पुढे ठेवताना आम्ही कचरतो. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्या शहराने फॅसिस्ट फौजेचा पाडाव केला, त्याचे मोल कमी होत नाही. मात्र ज्याच्या नावाने ते शहर ओळखले जाई त्याच्या राजवटीत काय काय झाले, हे १९५६ नंतर त्याच्याच पक्षाने जगास सांगितले. शहर वाचविणाऱ्या सामान्य माणसांचा गौरव आणि सत्ताधाऱ्याचा गौरव यांची फारकत करून ऐकण्यास श्रोता थोडा तयार असावा लागतो. म्हणून हा पवाडा टाळू नये, पण त्याने आरंभही करू नये.

दुसरा पक्ष लोकनाट्याचा. त्यांचे म्हणणे, आधी हसू दे, मग विचार करील. यातही तथ्य आहे. अडचण एवढीच की वगातली निम्मी मौज सोंगाड्याच्या हजरजबाबीपणात असते. छापील पुस्तकात हाती येतो तो सांगाडा. पुस्तक वाचून नवखा म्हणतो, “बरे आहे,” आणि मिटवून ठेवतो. करणारी माणसे मिळाली तर येथून सुरुवात करावी, एरवी नाही.

तिसरा पक्ष आवाजवाल्यांचा. अमर शेख ऐक, बाकी सगळे नंतर, हा त्यांचा हेका. ज्यांनी तो आवाज प्रत्यक्ष ऐकला त्यांच्या डोळ्यांत हे सांगताना पाणी येई. पण ज्याने ऐकलेला नाही त्याच्या हाती त्यांच्या ‘कलश’ व ‘धरतीमाता’ या काव्यसंग्रहांपलीकडे काय द्यावे? कवितेतून माणूस कळतो; गळा कळत नाही.

चौथा पक्ष सर्वांत मोठा. तो म्हणे, ‘माझी मैना’. आमचाही कल पहिल्यापासून इकडेच होता. मात्र या उत्तरातही एक खोट होती. ती आमच्या ध्यानात आली ती आमच्याच चुकीमुळे. ती हकीगत सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी १ मेच्या सभेत आमच्या तरुण मंडळींनी ही छक्कड बसविली होती. ढोलकी चांगली, गळे चांगले. गडी बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबईस निघतो, तिचे रूप आठवतो, तिला दागिना करता आला नाही म्हणून झुरतो. एवढा भाग झाला आणि टाळ्या पडल्या. वेळ झाला होता, पाहुणे वक्ते ताटकळले होते. आम्ही मंचावरून खूण केली : पुरे. मंडळी खाली उतरली. तेवढ्यात नालासोपाऱ्याहून आलेले एक वृद्ध गिरणी कामगार काठी टेकीत पुढे आले. आमच्या वडिलांच्या बरोबरीचे. आम्हांला लहानपणापासून ओळखणारे. ते सर्वांदेखत म्हणाले, “पोरा, मैनेला अर्ध्या वाटेत सोडून आलास की रे! पुढचे कुणी गायचे?”

आणि त्यांनीच ते गायिले. गळा फाटला होता, दम पुरत नव्हता. ढोलकीवाला पोरगा त्यांच्यामागून चाचपडत ठेका धरीत होता. उत्तरार्धात कवी सांगतो की, आपली आणि मैनेची जशी ताटातूट झाली तशीच या मराठी मुलखाची झाली आहे. बेळगाव, कारवार, निपाणी यांची नावे येतात, आणि डांगबरोबर उंबरगावचे नाव येते. हे नाव आले तेव्हा मागच्या रांगेत बसलेले तलासरीकडचे दोन आदिवासी कामगार एकदम ताठ झाले. नंतर त्यांतला एक आमच्याजवळ येऊन म्हणाला, “दादा, उंबरगावला माझ्या मामाचे घर आहे. गाण्यात आमचे गाव असते हे मला माहीत नव्हते.”

आम्ही त्या रात्री झोपलो नाही. वीस वर्षे आम्ही या मुलांना संघटनेचे महत्त्व सांगत होतो. त्यांच्या गावाचे नाव ज्या ओळीत होते, ती ओळच आम्ही वेळ नाही म्हणून कापली होती. पाहुण्यांचे भाषण आज कोणाला आठवत नाही. आम्हांलाही नाही.

उंबरगाव हे नाव त्या छक्कडीत भरतीचे म्हणून आलेले नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील हा उत्तरेकडचा तालुका. तेथील वारल्यांकडून जमीनदार फुकटात राबवून घेत, ती वेठ. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघांनाही वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबावे लागे, तो लग्नगडी. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले आणि तेथून या भागात संघटनेचे वारे आले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ नाकारण्याचा निर्णय झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मरण पावले. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा लढा लिहून ठेवला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा उंबरगावचा बराच मुलूख गुजरातेत गेला आणि तलासरीकडील गावे इकडे राहिली. वेठ मोडण्यासाठी जे खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते, त्यांच्यामधून राज्याची सीमा गेली. ही तलासरी २०१४ साली झालेल्या आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. म्हणजे ज्या गाण्याला आम्ही वाटेगावचे आणि लालबागचे समजत होतो, त्याचा एक पाय आमच्याच अंगणात होता.

पूर्वार्ध तेवढा गाण्याची चाल आता सार्वत्रिक झाली आहे. लग्नाच्या वाद्यवृंदात, स्नेहसंमेलनात, मोबाइलवर मैना ऐकू येते ती बहुधा नटलेली, लाजणारी, वाट पाहणारी मैना. त्यात गाणाऱ्याचा दोष नाही. तो भाग गोडच आहे. परंतु अण्णा भाऊंनी शृंगाराची लावणी हाती घेतली ती ज्या कामासाठी, ते काम उत्तरार्धात आहे. ऐकणाऱ्याला बायकोच्या आठवणीने हळवे करायचे आणि त्याच हळव्या जागी तुटलेल्या मुलखाचे दुःख ठेवायचे, ही त्यांची रीत. अर्धे गायिले तर मागे उरते ती बायकोची आठवण. मुलूख गळून पडतो, आणि ज्या रागापोटी माणसे छातीवर गोळ्या घेण्यास उभी राहिली त्याचा मागमूसही राहत नाही.

येथे आमच्या युनियनमधील भगिनींनी घेतलेला एक आक्षेप नमूद केला पाहिजे. त्या वालीवच्या पॅकिंग खात्यांतून उभ्याने आठ-आठ तास काम करतात. वरील हकीगत आम्ही त्यांच्या बैठकीत मोठ्या कौतुकाने सांगितली. त्यांपैकी एक म्हणाली, “सगळे ठीक आहे, दादा. पण मैनेला काय वाटले ते कुठे आहे? ती गावात काय खात होती? आम्ही तर मैना आणि गडी दोन्ही आहोत. सकाळची गाडी आम्हीही पकडतो.” आमच्याजवळ उत्तर नव्हते. या पथकाच्या गाण्यांत कष्टकरी स्त्री येते, परंतु मैना स्वतः बोलत नाही. तिचे बोलणे पुढच्या पिढ्यांतील स्त्रियांनी लिहिले. अमर शेखांची कन्या मलिका अमर शेख यांचे आत्मकथन हे त्यांतलेच एक. शाहिराच्या आणि कवीच्या घरातील स्त्रीला काय सोसावे लागते, हे त्यांनी कोणाची भीड न धरता सांगितले. त्या भगिनीचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. ज्या गाण्याने आमच्या डोळ्यांत पाणी आणले, त्याच्यावरही प्रश्न करता आला पाहिजे. जलशांनी आपल्याला हेच शिकविले.

मग सुरुवात कोठून करावी? आता आमचे उत्तर असे आहे. ज्याच्या त्याच्या गावापासून करावी. तलासरीच्या पोराने मैनेच्या उत्तरार्धापासून करावी. तेथे त्याच्या मामाचे गाव आहे. मुंबईत रोज जाऊन येणाऱ्याने अण्णा भाऊंच्या मुंबईच्या लावणीपासून करावी. आधीच्या शाहिरांना मुंबईची शोभा दिसली, यांना मलबार हिलचे वैभव आणि मजुराची झोपडी एकाच नजरेत दिसली. ज्याला वाचनाची आवड आहे त्याने ‘फकिरा’ घ्यावी आणि तिच्यातून मागे गाण्यांकडे यावे. एकदा आपली जागा सापडली की बाकीचे आपोआप ओढत नेते : मैनेवरून लढ्याकडे, लढ्यावरून जलशाकडे, जलशावरून जोतीरावांच्या पवाड्याकडे. कालक्रमाने सुरुवात करणारा बहुधा शंभर वर्षे अलीकडेच दमतो.

एक अट मात्र आम्ही घालू. पहिल्यांदा ऐकायचे ते एकट्याने, कानात बोंडके घालून ऐकू नये. त्या इंग्रजी वृंदाचे आम्हांस ठाऊक नाही. त्यांची तबकडी एकांतात ऐकण्यासाठीच असेल. ही गाणी सभेसाठी केलेली आहेत. शेजारी बसलेला माणूस कोणत्या नावावर ताठ होतो, हे पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ पुरा होत नाही. आणि ज्यांना ती पुरी पाठ आहेत अशी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. ती नालासोपाऱ्यात, विरारमध्ये, चाळीच्या वरच्या मजल्यावर बसून आहेत. जिने उतरणे त्यांना जमत नाही. त्यांच्याकडे आपण गेले पाहिजे.

आम्ही हे काम हाती घेतले आहे. लेथवाला आणि त्याचा मित्र रविवारी त्या वृद्ध गृहस्थांकडे जातात. त्यांना जे जे आठवते ते मोबाइलवर मुद्रित करून घेतात, शब्द वहीत उतरवितात. पहिल्या दिवशी लेथवाल्याने त्यांना आपला तो पत्रे वाजविणारा इंग्रज ऐकवला. म्हाताऱ्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “हा कुठल्या गिरणीत होता?”

यंदाच्या १ मेला मैना पुरी गायिली जाईल. पाहुण्यांचे भाषण आम्ही नंतर ठेवले आहे.